अंजनगावच्या कोऱ्या ओळी

वऱ्हाडातून परत आले तेव्हा आमच्या आळीत प्रत्येकानं आधी संत्र्यांचं विचारलं. संत्री मी आणली नव्हती. ज्यांच्या बागेत गेले होते त्यांनी पिशवी भरून देऊ केली होती, पण ज्या कामासाठी गेले होते ते पाहता ती घेणं बरं दिसलं नसतं. काम काय होतं हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. सरकारी अनुदानावर चाललेल्या एका संशोधनाची तपासणी, आणि तीही झाडांच्या रोगावरच्या. त्यात सांगण्यासारखं काय असणार? जाताना माझाही तोच अंदाज होता.

मी कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवत असे. निवृत्त झाल्यावर अशी कामं अधूनमधून येतात. दिल्लीच्या एका खात्यानं संत्र्याच्या मूळकुजीवर संशोधन करायला अकोल्याच्या एका शास्त्रज्ञाला पैसे दिले होते. पहिला टप्पा संपत आला होता आणि दुसरा मंजूर करायचा की नाही हे ठरवायला तिघांची समिती नेमली होती. दुसरे दोघे परप्रांतातले. त्यांनी घरी बसून कागद पाहायचे आणि मी मराठी म्हणून बाग मी पाहायची, असं ठरलं. डिसेंबरचा महिना होता. संत्र्याचा मुलुख मी तोवर पाहिला नव्हता.

अकोला

गाडी सकाळी पोचली. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. वानखडे स्वतः स्टेशनवर आले होते. चाळिशीचे, उंच, बोलण्यात काटकसर करणारे. त्यांनी माझी बॅग हातात घेतली आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "मॅडम, पुढचा रस्ता खराब आहे, नाश्ता हलका करा." आमच्याकडे पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारतात. पण सल्ला योग्य होता.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. तिथे त्यांनी मला प्रयोग समजावला. मला रोग माहीत होता, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. संत्र्याच्या झाडाला मुळाशी एक बुरशी लागते. खोडाची साल फुटते, तिथून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळत जातं. बागायतदार याला डिंक्या म्हणतात. यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केलेली निळसर पेस्ट खोडाला फासायची. वानखडेंनी इथल्याच मातीतून एक दुसरी बुरशी वेगळी काढली होती, जी या रोगाच्या बुरशीवर जगते. तिचा कितपत उपयोग होतो हे पाहायला त्यांनी अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका बागेत प्रयोग मांडला होता. काही ओळींना नवी बुरशी, काहींना जुनी पेस्ट, आणि चार ओळींना काहीच नाही. काहीच न केलेली झाडं शेजारी नसतील, तर झाड औषधानं वाचलं की ते एरवीही वाचणारच होतं, हे सांगता येत नाही. आम्ही अशा झाडांना कंट्रोल म्हणतो. वानखडे त्यांना कोऱ्या ओळी म्हणत होते.

अनुदान दोन पावसाळ्यांच्या निरीक्षणासाठी होतं. पण पहिला हप्ता हातात येईतो पहिला पावसाळा उलटून गेला होता. दुसरा हप्ता मध्येच अडकला, तेव्हा नेमानं बागेत जाऊन नोंदी घेणारी सहायक मुलगी पगार थांबल्यामुळे दुसरी नोकरी धरून गेली. जीपच्या डिझेललाही पैसे उरले नाहीत. वानखडेंनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. थोडक्यात, सगळी भिस्त एका पावसाळ्यावर होती आणि त्या पावसाळ्यातला बराच काळ आणि त्यानंतरही बागेकडे कोणी फिरकलेलं नव्हतं. त्याआधीचे फोटो त्यांनी दाखवले. कोऱ्या ओळींतली झाडं पिवळी, विरळ, फांद्यांचे शेंडे वाळलेले. प्रयोग अपेक्षेप्रमाणे चालला होता.

अकोट, अंजनगाव

अकोल्याहून उत्तरेला अकोट आणि तिथून उजवीकडे अंजनगाव. रस्त्याबद्दल वानखडे खोटं बोलले नव्हते. दोन्ही बाजूंना काळी माती, वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर. कोकणात नजर पन्नास पावलांवर कुठल्यातरी झाडाला किंवा डोंगराला आपटते. इथे ती जातच राहते आणि शेवटी सातपुड्याच्या निळसर रेघेवर टेकते. मला पहिला तासभर थोडं उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

अंजनगावात चहाला थांबलो. टपरीवाल्यानं माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "तुमी इकडच्या नाई वाटत. काहून आल्या?" मी सांगितलं, संत्र्यावरचा रोग पाहायला. तो म्हणाला, मग उशीर केला, त्याच्या मामानं गेल्या साली बाग तोडून तिथे केळी लावली. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वानखडे चहा फुंकत होते. ते म्हणाले की असं रोज कोणीतरी सांगतं आणि प्रत्येक वेळी मामा वेगळा असतो.

या भागात पानमळे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पोफळीवर पानवेल चढवतात. इथे तिच्यासाठी वेगळं रान राखतात, उन्हापासून जपतात. मला उतरून पाहायचं होतं, पण वानखडेंनी घड्याळाकडे पाहिलं.

बाग

बाग गजाननराव आणि शोभाताई या नवराबायकोची. गजाननराव पंचायत समितीत नोकरीला. जमीन त्यांच्या नावावर, प्रयोगाच्या करारावर सहीही त्यांचीच. बाग मात्र शोभाताई पाहतात हे पाच मिनिटांत कळलं, कारण मी काहीही विचारलं की गजाननराव उत्तराला सुरुवात करत आणि पुरं शोभाताई करत. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर आणि पदरावर नवऱ्याचा जुना स्वेटर. "मी पाह्यतो सगळं," त्या म्हणाल्या. वऱ्हाडात बायकाही 'मी पाहतो, मी करतो' म्हणतात. आमच्याकडच्या 'करत्ये'ची सवय असलेल्या कानाला ते आधी चुकल्यासारखं वाटतं, मग त्यात एक रुबाब जाणवू लागतो.

त्यांनी आल्याआल्या सांगितलं की जेवायला सोल्याची भाजी केली आहे. कोकणात सोलं म्हणजे कोकमाची. मी मनात म्हटलं, इतक्या लांब माझ्यासाठी यांनी कोकम कुठून मिळवलं असेल.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. मी बागेत शिरले आणि दहाबारा पावलांत बुटांना इतकी माती चिकटली की पाय उचलेनात. जोर लावला तर पाय वर आला, बूट वर आला आणि बुटाचा तळ चिखलात राहिला. आमची लाल जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही, पाऊस थांबला की तासाभरात कोरडी. ही माती पाणी सोडतच नाही आणि संत्र्याची मुळं त्यात दिवसचे दिवस उभी राहतात. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. शोभाताईंनी त्यांच्या प्लास्टिकच्या चपला दिल्या आणि पुढची पाहणी मी त्या घालून केली.

आधी नव्या बुरशीच्या ओळी पाहिल्या. झाडं चांगली होती, पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराची फळं अजून हिरवी होती. मग पेस्टच्या ओळी. त्याही चांगल्या. मग वानखडेंनी हातातल्या नकाशावर बोट ठेवलं आणि आम्ही घरामागच्या बाजूच्या दोन कोऱ्या ओळींकडे वळलो.

तीही झाडं चांगली होती.

अगदी निरोगी म्हणता येणार नाही, पण फोटोंतली ती नव्हेत. शेंड्यांना नवी पालवी होती, पिवळेपणा ओसरला होता. वानखडे थांबले. त्यांनी नकाशा पाहिला, झाडावर रंगवलेला आकडा पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला. मला दोन गोष्टी सुचल्या. एक, आधीचे फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी झाडांचे असावेत. दुसरी, रोग आपोआप हटला असावा, म्हणजे मग औषधाचं श्रेय गेलं. दोन्ही त्यांच्या दृष्टीनं वाईट. मी जवळच्या झाडाशी वाकले. डिंकाची जुनी जखम कोणीतरी खरवडून साफ केली होती, तिच्या कडा भरून येत होत्या. सालीच्या एका भेगेत मी नख घातलं. नखाला निळसर भुगा लागला.

मी नख वानखडेंना दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि सावकाश मागे वळून शोभाताईंकडे पाहिलं.

"काकू, इथं पेस्ट लावली होती का?"

गजाननराव ताबडतोब म्हणाले की छे, कोण लावणार, कागदावर लिहून दिलं आहे. शोभाताईंनी त्यांचं बोलून होऊ दिलं.

"म्या लावली," त्या म्हणाल्या. "पाऊस लागला तवा. तुमची पोरगी यायची बंद झाली होती. या दोन ओळी माह्या सैपाकघराच्या खिडकीतून दिसतात, सर. रोज भांडे घासता घासता मी त्यायच्याकडे पाह्यतो. तिकडच्या दोन नाई दिसत. त्यायले नाई लावली."

गजाननरावांचा आवाज चढला. तुला कोणी सांगितलं होतं, सरांचं नुकसान केलंस, माझ्या सहीचं काय, असं ते बरंच बोलले. शोभाताईंनी मान खाली घातली नाही. वानखडे हात वर करून गजाननरावांना म्हणाले, "राहू द्या, भाऊ." मग त्यांनी शोभाताईंना विचारलं की मला का नाही सांगितलं.

"तुमी लावू नका म्हणले असते," त्या म्हणाल्या. "अन् मंग मले ऐका लागलं असतं."

आम्ही धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, घरापासून लांबच्या दोन ओळी पाहायला गेलो. तिथे शोभाताई आल्या नाहीत. त्या ओळी प्रयोगाला हव्या होत्या तशाच होत्या. काही झाडांवर पानापेक्षा काटक्या जास्त. एका झाडाच्या बुंध्याशी डिंकाचे मधासारखे थेंब घट्ट झाले होते. शास्त्राच्या दृष्टीनं त्या दिवशी बागेत पाहिलेली सगळ्यात खरी झाडं तीच होती.

जेवण ठरल्याप्रमाणे झालं. न जेवता निघणं कोणालाच सुचलं नाही. सोल्याची भाजी आंबट असेल म्हणून मी भाकरीचा मोठा तुकडा घेतला आणि ती निघाली तुरीच्या ओल्या दाण्यांची, लसूण आणि हिरव्या मिरचीची, इतकी झणझणीत की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शोभाताईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी घाईनं ताक पुढे केलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमी नका वाईट वाटून घेऊ." मी त्यांना सोलं म्हणजे आमच्याकडे काय ते समजावलं. त्यांनी कोकम कधी पाहिलं नव्हतं. त्या जेवणातलं मोकळं बोलणं तेवढंच. निघताना त्यांनी आधीच्या बहारातल्या पिकल्या संत्र्यांची पिशवी गाडीत ठेवली, ती मी परत दिली. त्यांना कारण समजलं असावं, कारण आग्रह केला नाही.

अमरावती

पावसाच्या जुन्या नोंदी पाहायला मला अमरावतीच्या एका कार्यालयात जायचं होतं, म्हणून मुक्काम तिथे ठेवला होता. वानखडे मला जीपनं तिकडे सोडायला निघाले. अचलपूरच्या फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या माणसांसाठी थांबावं लागलं, तेव्हा मी विचारलं की परवा सादरीकरणात काय दाखवणार.

"अजून ठरलं नाही," वानखडे म्हणाले.

ते उत्तर मला त्या वेळी आवडलं नाही. पण त्यांची अडचण दिसत होती. समितीतले बाकी दोघे बाग पाहणार नव्हते. पावसाळ्याआधीचे आकडे पुढे ठेवून, मधल्या नोंदी पैशांअभावी राहिल्या असं सांगितलं असतं, तर ते शब्दशः खरंच होतं. राहता राहिले मी. मी काय करणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी स्वतः काय करायचं ते माझ्याकडे न पाहता ठरवावं, असं मला वाटत होतं. ते अकोल्याला परत गेले, मी विश्रामगृहात उतरले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातलं काम लवकर आटोपलं. अमरावती हे मोठं, धुळकट, तरुण माणसांचं शहर आहे. जिथे तिथे स्पर्धापरीक्षांच्या क्लासच्या पाट्या, आणि दुपारी त्यांच्यातून एकदम बाहेर पडणारी मुलंमुली. त्यांच्यात उभं राहून मी गिला वडा खाल्ला. दह्यात मुरलेला वडा आणि वर तिखट चटणी. आदल्या दिवशीच्या भाजीनंतर तो मला सौम्य वाटला, याचा अर्थ वऱ्हाड मला मानवू लागलं होतं. चपला विकत घ्यायच्या होत्या, कारण शोभाताईंच्या अजून माझ्याच पायात होत्या. रिक्षावाल्यानं बाजारात नेलं. कामाचं कळल्यावर त्यानं विचारलं की मग औषध सापडलं का. मी म्हटलं, पाहतायत. तो म्हणाला, "पाहून राहिले म्हंजे सापडन." भाड्याच्या वाटाघाटीत मात्र तो इतका आशावादी नव्हता.

पुन्हा अकोला

सभेच्या खोलीत समितीतले दोघे पडद्यावर होते, मी टेबलापाशी. वानखडे उभे राहिले. नाव, प्रकल्प, आभार या नेहमीच्या पानांआधी त्यांनी एक पान घातलं होतं. त्यावर बागेचा नकाशा होता आणि घरामागच्या दोन ओळींवर काट मारलेली होती. ते म्हणाले की या दोन कोऱ्या ओळींना पावसाळ्यात पेस्ट लावली गेली, हे त्यांना परवा कळलं, आणि नोंदी खंडित झाल्या नसत्या तर आधीच कळलं असतं. पेस्ट कोणी लावली हे त्यांनी सांगितलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, "जबाबदारी माझी आहे."

पडद्यावरच्या एका सदस्यांनी सुचवलं की उरलेल्या दोन ओळींवरून हिशेब बसवता येईल, अशी पद्धत असते. माणूस चांगला होता, त्यांना मदत करायची होती. वानखडेंनी पाणी प्यायलं. मग म्हणाले की एकच पावसाळा, दोनच ओळी, त्याही शेताच्या एकाच कोपऱ्यात, जिथे पाणी जास्त साचतं. तेवढ्यावर औषध चालतं असं म्हणणं त्यांना जमणार नाही.

माझं मत विचारलं. मी बागेत जे पाहिलं ते सांगितलं आणि बागेतल्या प्रयोगाला दुसरा टप्पा देऊ नये असं म्हटलं. पुढे कधी असा प्रयोग झाला तर पैसे पावसाळ्याआधी पोचावेत, हेही लिहून घ्यायला लावलं. ठराव तसाच झाला. प्रयोगशाळेतल्या कामापुरतं थोडं अनुदान चालू राहिलं. बाग, जीप आणि सहायकाची जागा संपली. मला वाईट वाटलं का, असं इथे परतल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं. वाटलं. मत बदलावंसं मात्र वाटलं नाही.

संध्याकाळी वानखडे मला स्टेशनवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. मी शोभाताईंच्या चपला पिशवीत घालून त्यांच्याकडे दिल्या. त्यावरून त्यांना आठवलं असावं, किंवा ते दिवसभर टाळत असावेत, त्यांनी फोन काढला. फलाटावर गोंगाट होता म्हणून स्पीकर चालू ठेवला. त्यांनी शोभाताईंना सांगितलं की पुढचे पैसे मंजूर झाले नाहीत, बागेतला प्रयोग आजपासून बंद झाला.



"माह्यामुळं झालं," त्या म्हणाल्या.

वानखडेंनी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. पैसे वेळेवर आले असते तर आमचं माणूस तिथे असतं, एवढंच म्हणाले.

"मंग सर, आता तिकडच्या दोन ओळीले लावू का?"

वानखडेंनी फोन कानाजवळ नेला, पुन्हा लांब धरला. "लावा, काकू," ते म्हणाले. "उद्याच लावा." मग त्यांनी जखम किती खोल खरवडायची, चुना आधी भिजवायचा, लोखंडाच्या बादलीत कालवायचं नाही, हे सगळं सांगितलं. शोभाताईंना ते अर्थातच माहीत होतं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"तुमी रविवारी या ना," शोभाताई म्हणाल्या. "तिकडले झाडं लई आहेत. दोघं लागू तं व्हईन."

"आता गाडी नाही राहिली. बसनं यावं लागेल."

"बसनं या. सकाळच्या."

ते येतो म्हणाले आणि फोन ठेवला. माझी गाडी आल्याची घोषणा होत होती.

"मोरचुदाचे डाग निघत नाहीत," मी म्हणाले. "जुना शर्ट घालून जा."

"सगळे जुनेच आहेत, मॅडम," वानखडे म्हणाले, आणि माझी बॅग उचलून डब्याच्या दिशेनं चालू लागले.